चेंडूफळीच्या मैदानावरील राष्ट्राभिमान व वर्णद्वेष

चेंडूफळी हा सभ्य गृहस्थांचा खेळ आहे, हें वाक्य आपण इतक्या वेळां ऐकलेलें असतें कीं, त्याच्या अर्थाकडे आपलें लक्षच जात नाहीं. ज्या इंग्लंडांत हें वाक्य जन्मास आलें, तेथें एके काळीं ‘सभ्य गृहस्थ’ म्हणजे हौसेखातर खेळणारे सुखवस्तु लोक व ‘खेळाडू’ म्हणजे पोटासाठीं खेळणारे कामकरी, असे दोन निरनिराळे वर्ग असत. हा भेद १९६२ सालच्या अखेरीपर्यंत नियमानें चालू होता. तात्पर्य, सभ्यतेच्या त्या कल्पनेच्या पोटांतच प्रथमपासून एक भेदभाव वसत होता. पुढें हाच खेळ साम्राज्याच्या जहाजांतून देशोदेशीं गेला, तेव्हां थोर व हलका या भेदाच्या जोडीस गोरा व काळा हा भेद येऊन बसला. त्या भेदाची छाया आजच्या आंतरराष्ट्रीय सामन्यांवर कशी पडते, आणि एकमेकांवर वर्णद्वेषाचे जे आरोप होतात त्यांचें स्वरूप काय असतें, हें उदाहरणांनीं पाहावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

दोन राष्ट्रांचे संघ समोरासमोर उभे राहिले म्हणजे वास्तविक बावीसच माणसें खेळत असतात. परंतु पाहणाऱ्याच्या मनांत प्रत्येक खेळाडूच्या मागें त्याच्या देशाचें एक तयार चित्र टांगलेलें असतें. इंग्रज म्हणजे ताठ व मनांतून ढोंगी. ऑस्ट्रेलियन म्हणजे उद्धट. पाकिस्तानी म्हणजे लहरी. वेस्ट इंडियन म्हणजे आनंदी पण निष्काळजी. आणि भारतीय म्हणजे फिरकींत निपुण, पण वेगवान चेंडूपुढें भित्रा. नासरेथच्या माणसाविषयीं ऐकतांच त्या गांवाचें नांव काढून नथनेलानें नाक मुरडलें, ही कथा आपण प्रार्थनेच्या तासास ऐकलेली आहे. नथनेलाचें नाक मुरडणें फार वेळ टिकलें नाहीं, कारण तो उठून पाहावयास गेला. सज्जांत बसलेल्या प्रेक्षकांवर तेवढीही तसदी घेण्याची पाळी येत नाहीं.

हें चित्र केवळ निंदेचेंच असतें असें मात्र नव्हे. १८९६ सालीं मँचेस्टर येथें रणजितसिंहजी इंग्लंडतर्फे आपला पहिला कसोटी सामना खेळले आणि त्यांनीं पहिल्या डावांत ६२ व दुसऱ्यांत नाबाद १५४ धांवा केल्या. पायावर आलेला चेंडू मनगटाच्या हलक्या झटक्यानें पाठीमागें वळवून देण्याची त्यांची हातोटी इंग्रजांना अपूर्व वाटली. तिचें कारण इंग्रज लेखकांनीं काय दिलें? पूर्वेकडील जादू! वस्तुतः केंब्रिजला असतांना रणजितसिंहजींनीं पगारी गोलंदाजांकडून तासन्‌तास सराव करून घेतला होता. चेंडू येतांच मागें सरकणारा त्यांचा उजवा पाय शिक्षकानें जमिनीशीं जखडून ठेविला व त्यांतूनच तो फटका साधला, असेंही त्यांच्या चरित्रांत सांगितलेलें असतें. एखाद्या इंग्रजानें हाच उद्योग केला असता तर त्यास चिकाटी हें नांव मिळालें असतें. जादू हा शब्द स्तुतीचा होता, व तो वापरणाऱ्यांच्या मनांत कांहीं वांकडें होतें असेंही नाहीं. परंतु अशी स्तुति माणसाच्या घामाचें श्रेय उचलून त्याच्या रक्ताला देऊन टाकते, आणि जें रक्ताला दिलें तें उद्यां रक्तावरच दोष म्हणून फेकतां येतें.

हें कसें घडतें तें पाहावयाचें असेल तर वेस्ट इंडीजचा इतिहास पाहावा. या बेटांतील बहुसंख्य लोक आफ्रिकेंतून धरून आणलेल्या गुलामांचे वंशज. १९२८ सालीं त्यांचा संघ कसोटी सामने खेळूं लागला, पण संघाचा नायक गोराच असावयाचा. काळा माणूस धांवा करील, बळी घेईल; पण दहा जणांना हुकूम देण्यास लागणारें डोकें त्याच्यापाशीं कोठून येणार, असा हा तर्क! जॉर्ज हेडलेसारख्या थोर फलंदाजाच्या वांट्यास १९४८ सालीं एका सामन्यापुरतें नायकपद आलें, तेवढाच काय तो अपवाद. पुढें सी. एल. आर. जेम्स या लेखकानें आपल्या वृत्तपत्रांतून नेट धरला, आणि १९६०-६१ च्या ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर फ्रँक वॉरेल हा संपूर्ण मालिकेचा पहिला काळा नायक झाला. त्या मालिकेंतील ब्रिस्बेनचा सामना बरोबरींत सुटला. कसोटीच्या इतिहासांत असें तोंपर्यंत कधींच घडलें नव्हतें. दौरा संपल्यावर या पाहुण्यांना निरोप देण्यासाठीं मेलबर्नच्या रस्त्यांवर लोकांची एवढी दाटी झाली कीं, हरलेल्या संघाची अशी मिरवणूक क्वचितच कोणीं पाहिली असेल. डोक्याविषयींचा तो तर्क त्यानंतर कोणी उघडपणें बोलेनासा झाला.

तरी वेस्ट इंडियन म्हणजे गात नाचत खेळणारा, जिंकला काय अन् हरला काय सारखाच हंसणारा, हें चित्र टिकूनच होतें. १९७५-७६ मध्यें ऑस्ट्रेलियांत लिली व थॉमसन या वेगवान जोडीनें त्यांची वाताहत केली, मालिका ५-१ अशी गेली, आणि हंसतखेळत हरणारे म्हणून लोकांनीं पुन्हां त्यांची कींव केली. नायक क्लाइव्ह लॉइड यास ती कींव झोंबली. लगेच १९७६ च्या उन्हाळ्यांत हा संघ इंग्लंडांत आला. इंग्लंडचा नायक टोनी ग्रेग यानें पहिल्या सामन्यापूर्वी दूरचित्रवाणीवर सांगितलें कीं, आम्ही यांना लोटांगण घालावयास लावूं. दुसऱ्या कोणा इंग्रजाच्या तोंडीं ही एक साधी फुशारकी ठरली असती. परंतु ग्रेगचा जन्म व वाढ दक्षिण आफ्रिकेंतील, जेथें त्या काळीं काळ्या माणसास माणसाचे हक्कच नव्हते. आणि ज्यांच्याविषयीं तो बोलला त्यांचे पूर्वज खरोखरच चाबकाखालीं लोटांगण घालीत होते. शब्द कोण कोणास म्हणतो यावर त्याचें वजन ठरतें, याचें याहून स्पष्ट उदाहरण चेंडूफळीच्या इतिहासांत मिळणें कठीण. व्हिव्हियन रिचर्ड्सनें त्या मालिकेंतील चार सामन्यांत ८२९ धांवा काढल्या. ओव्हलच्या निर्जीव खेळपट्टीवर मायकेल होल्डिंगनें १४९ धांवांत १४ बळी घेतले. मालिका वेस्ट इंडीजनें ३-० अशी जिंकली. ओव्हलवर ग्रेग स्वतः आपल्या शब्दाची भरपाई म्हणून वेस्ट इंडियन प्रेक्षकांपुढें कांहीं पावलें गुडघ्यांवर रांगला, हें मात्र त्याच्या मोठेपणाचें म्हटलें पाहिजे.

पण खरी मौज पुढेंच आहे. तेच खेळाडू जिंकूं लागल्यावर चित्र पालटलें. काल जे आनंदी व निष्काळजी होते ते आज क्रूर व हिंसक ठरले. लिली-थॉमसनचा वेग म्हणजे पराक्रम, आणि होल्डिंग-रॉबर्ट्सचा वेग म्हणजे दहशत! १९९१ मध्यें एका षट्कांत एका फलंदाजास एकच उसळता चेंडू टाकावा असा निर्बंध आला, तेव्हां हा नियम आमच्यावर नेम धरून केलेला आहे असें अनेक वेस्ट इंडियनांना वाटलें तर त्यांस दोष कसा द्यावा? रक्त तर पंधरा वर्षांत बदललें नव्हतें; धावफलक मात्र बदलला होता.

हे सांचे गोऱ्यांच्याच हातीं असतात, असाही कोणीं समज करून घेऊं नये. १९७१ मध्यें आपल्या सुनील गावसकरांनीं वेस्ट इंडीजमध्यें चार सामन्यांत ७७४ धांवा केल्या, तेव्हां त्रिनिदादच्या लॉर्ड रिलेटर नांवाच्या गायकानें त्यांच्यावर गाणें रचलें. शत्रुपक्षाच्या खेळाडूवर गाणें रचून गाणारे लोक मनानें केवढे असतील! त्याच बेटांत, १९७६ सालीं किंग्स्टन येथें, भारतीय फलंदाजांवर उसळत्या चेंडूंचा मारा झाला. अंशुमन गायकवाड यांच्या कानास जबर दुखापत झाली, दोघे-तिघे आणखी जखमी झाले, आणि खेळावयास धड माणूसच न उरल्यामुळें भारताचा दुसरा डाव पांच बाद ९७ वर संपला. मैदानावरील प्रेक्षक या माऱ्यास चेतावणी देत होते. त्याच वर्षीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मचरित्रांत गावसकरांनीं त्या प्रेक्षकांचें जें वर्णन केलें, त्यांत रानटीपणाचा आरोप होता. संताप समजण्यासारखा होता. जिवावरचें दुखणें समोर पाहिलेल्या तरुणाचे ते शब्द आहेत. परंतु काळ्या माणसावर रागावतांना हातास सर्वांत जवळचा दगड म्हणून ‘रानटी’ हाच शब्द सांपडावा, आणि तोही ज्यास गोऱ्यांनीं शतकभर ‘नेटिव्ह’ म्हणून हिणवलें त्या देशाच्या माणसास, हें विचार करण्याजोगें आहे.

आतां फसवणुकीच्या आरोपांकडे वळूं. ‘आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचा तो कार्टा’ ही म्हण जणूं याच प्रकरणासाठीं जन्मली असावी. जानेवारी १९७७ मध्यें मद्रास येथें इंग्लंडच्या जॉन लिव्हर या गोलंदाजाच्या कपाळावरील पट्टीस व्हॅसलीन लावलेलें आढळलें. त्यानें चेंडूची चकाकी राखली जात होती, असा आरोप आपले नायक बिशनसिंग बेदी यांनीं केला. घाम डोळ्यांत उतरूं नये म्हणून ती पट्टी होती असा खुलासा इंग्लंडनें दिला, आणि तो मान्य होऊन प्रकरण मिटलें. १९९२ मध्यें पाकिस्तानच्या वसीम अक्रम व वकार युनूस यांनीं इंग्लंडांत जुना चेंडू हवेंत उलट दिशेस वळवून फलंदाजांची दाणादाण उडविली, तेव्हां मात्र इंग्रजी वर्तमानपत्रांनीं लबाडीची ओरड केली, आणि तिचा रोख दोन गोलंदाजांवर न राहतां एका सबंध राष्ट्राच्या शीलावर वळला. १९०५ नव्हे, २००५ सालची गोष्ट : तीच विद्या इंग्लंडच्या फ्लिंटॉफ व जोन्स यांनीं ऑस्ट्रेलियाविरुद्ध वापरली, आणि ती एक दुर्मिळ कला ठरली. २०१८ मध्यें केप टाउन येथें ऑस्ट्रेलियाचा खेळाडू सँडपेपरनें चेंडू घांसतांना पकडला गेला, नायक व उपनायक यांना वर्षाची बंदी झाली, संघाच्या रीतिभातींची चौकशीही झाली. परंतु ऑस्ट्रेलियन रक्ताचा प्रश्न कोणी काढला नाहीं. काढूं नयेच. आमचें म्हणणें एवढेंच कीं, जो न्याय केप टाउनला लाविला तोच लाहोरलाही लावावा.

पंचांची गोष्ट याहून बिकट. पूर्वी यजमान देशाचेच दोन्ही पंच असत, आणि पाहुण्यांस त्यांचा प्रत्येक चुकीचा निर्णय कपटाचा वाटे. १९८७ च्या उन्हाळ्यांत पाकिस्ताननें इंग्लंडांत डेव्हिड कॉन्स्टंट हे पंच नकोत अशी विनंती केली. ती फेटाळली गेली, आणि इंग्रज पंचाच्या सचोटीवर शंका म्हणजे अशिष्टपणा ठरला. त्याच वर्षीं डिसेंबरांत फैसलाबाद येथें इंग्लंडचा नायक माइक गॅटिंग व पंच शकूर राणा हे मैदानांतच एकमेकांच्या तोंडाशीं बोटें नाचवीत भांडले. माफीच्या चिठ्ठीवरून एक सबंध दिवस फुकट गेला. आणि पाकिस्तानी पंच असलेच, हें जणूं सिद्ध झालें. मजेची गोष्ट अशी कीं, यावरील उपाय प्रथम पाकिस्ताननेंच करून दाखविला होता. इम्रान खान यांच्या आग्रहानें नोव्हेंबर १९८६ मध्यें लाहोर येथें पाकिस्तान व वेस्ट इंडीज यांच्या कसोटीसाठीं तिऱ्हाईत देशाचे पंच बोलाविले गेले, आणि ते कोण, तर भारताचे व्ही. के. रामस्वामी व मुंबईचे पिलू रिपोर्टर! ज्या दोन देशांत तीन युद्धें होऊन गेलेलीं, त्यांतील एकानें दुसऱ्याच्या माणसास आपल्या घरीं न्यायाधीश म्हणून बसवावें, यापेक्षां खेळाचा मान तो कोणता? पुढें १९९४ पासून एक व २००२ पासून दोन्ही पंच तटस्थ देशांचे असावेत असा नियम झाला.

नियमानें पक्षपात कमी झाला. संशय मात्र मेला नाहीं. ऑगस्ट २००६ मध्यें ओव्हल येथें पंच डॅरेल हेअर व बिली डॉक्ट्रोव्ह यांनीं पाकिस्ताननें चेंडू बिघडविल्याचें ठरवून पांच धांवांचा दंड केला. निषेध म्हणून इंझमामचा संघ वेळेवर मैदानांत उतरला नाहीं, व सामना इंग्लंडला बहाल झाला. चौकशींत चेंडू बिघडविल्याचा आरोप टिकला नाहीं. आशियाई देशांनीं हेअर यांस वर्णद्वेष्टे म्हटलें. पुढें हेअर यांनींच आंतरराष्ट्रीय मंडळावर फिर्याद लाविली कीं, मला दूर केलें व माझ्या वेस्ट इंडियन सहकाऱ्यास कांहींच केलें नाहीं, तेव्हां हा माझ्या वर्णामुळें झालेला अन्याय आहे! ती फिर्याद त्यांनीं २००७ मध्यें मागें घेतली.

ज्या प्रसंगाची हकीकत थोडी विस्तारानें सांगावयास हवी तो जानेवारी २००८ मधील सिडनीच्या सामन्याचा. परंतु त्याचें मूळ सिडनीस नाहीं, तें आपल्याकडे आहे. ऑक्टोबर २००७ मध्यें ऑस्ट्रेलियाचा संघ भारतांत असतांना त्यांतील अँड्र्यू सायमंड्स यास बडोद्यास व मागाहून मुंबईस वानखेडे मैदानावर कांहीं टोळक्यांनीं माकडाचे आवाज काढून डिवचलें. मुंबईस माकडासारखे हावभाव करणाऱ्या प्रेक्षकांचीं छायाचित्रें वर्तमानपत्रांत आलीं व कांहीं जणांस पोलिसांनीं पकडलें. सायमंड्स हा बर्मिंगहॅमचा जन्मलेला, अंशतः आफ्रो-कॅरिबियन वंशाचा. एका इंग्रज जोडप्यानें त्यास दत्तक घेऊन ऑस्ट्रेलियास नेलें होतें.

कोणी विचारील, माकड म्हटल्यानें एवढें काय बिघडलें? आमची आई आम्हांस दिवसांतून दहा वेळां माकड म्हणते, आणि शेजारचे लोक मारुतीपुढें नारळ फोडतात. शंका अगदींच टाकाऊ नाहीं. पण शब्दाचा अर्थ कोशांत सांपडतो तेवढाच नसतो. तो ज्यांच्यावर ज्या हेतूनें वापरला गेला त्यांच्या इतिहासासकट तो येत असतो. गुलामांच्या व्यापाराच्या काळीं व त्यानंतरही युरोप-अमेरिकेंतील कांहीं पंडितांनीं शास्त्राच्या नांवाखालीं असें लिहून ठेविलें कीं, आफ्रिकी हा पुरता मनुष्य नसून मनुष्य व वानर यांच्या मधली पायरी आहे. मनुष्य नाहीं असें एकदां ठरलें म्हणजे त्याला बाजारांत विकण्यास मनाची अडचण राहत नाहीं. तेव्हां काळ्या माणसास वानर म्हणणें म्हणजे त्याला खोडकर म्हणणें नव्हे. त्याच्या पणजाच्या पायांतील बेडी योग्यच होती असें त्याच्या तोंडावर सांगणें होय. आणि वानखेडेवरील टोळक्यास हें ठाऊक नव्हतें म्हणावें, तर तेच आवाज त्यांनीं बाकीच्या दहा गोऱ्या खेळाडूंसाठीं कां बरें काढले नाहींत?

सिडनीस ४ जानेवारी रोजीं सचिन तेंडुलकर व हरभजन सिंग यांची आठव्या जोडीची भागीदारी रंगात आली असतां हरभजननें ब्रेट ली या गोलंदाजास बॅटनें सहज मागून थोपटलें. सायमंड्सला तें खपलें नाहीं. तो मध्यें पडला व दोघांची बोलाचाली झाली. हरभजननें त्यास माकड म्हटलें अशी तक्रार नायक पॉन्टिंग यानें केली. दोन्ही पंचांनीं कांहींच ऐकलें नव्हतें. सामनाधिकारी माइक प्रॉक्टर यांनीं ऑस्ट्रेलियन साक्षीदारांचें म्हणणें ग्राह्य धरून हरभजनवर तीन कसोटींची बंदी घातली.

भारतांत आगडोंब उसळला. गोऱ्यानें गोऱ्याचा शब्द खरा मानून सांवळ्यास खोटें ठरविलें काय, असा प्रश्न खुद्द गावसकरांनीं लेखांतून विचारला. आतां हे प्रॉक्टर कोण होते? दक्षिण आफ्रिकेचे गोरे खेळाडू, हें खरें. परंतु एप्रिल १९७१ मध्यें केप टाउनच्या न्यूलँड्स मैदानावर, काळ्या खेळाडूंस संघांत घेण्यास सरकारनें नकार दिल्याबद्दल निषेध म्हणून एकच चेंडू टाकून सर्व खेळाडू मैदानाबाहेर चालते झाले, त्या वेळीं तो चेंडू टाकणारा गोलंदाज हाच प्रॉक्टर. देशाच्या वर्णनीतीमुळें त्यांची कसोटी कारकीर्द सात सामन्यांतच संपली. त्यांचा निर्णय चुकला असेल. पुराव्यापेक्षां तो पुढें गेला असें पुढच्या निकालावरून दिसतें. पण दक्षिण आफ्रिकेचा गोरा म्हणजे वर्णद्वेष्टा, हाही एक सांचाच नव्हे काय? आणि ज्या पंचाच्या चुकांवरून आपल्या मंडळानें सर्वांत अधिक तक्रार केली, व ज्यांस पुढील सामन्यांतून दूर करविलें, ते स्टीव्ह बकनर हे जमेकाचे काळे गृहस्थ होते. त्या वेळीं गोऱ्या-सांवळ्याचा प्रश्न कोणास आठवला नाहीं.

अपिलाची सुनावणी न्यूझीलंडचे न्यायाधीश जॉन हॅन्सेन यांच्यापुढें अडिलेड येथें २९ जानेवारीस झाली. सर्वांत जवळ असलेल्या तेंडुलकरांची साक्ष अशी कीं, हरभजन जें बोलला ती हिंदी भाषेंतील आईवरून दिलेली एक शिवी होती, व तिचा ध्वनि इंग्रजी कानास ‘मंकी’सारखा वाटणें शक्य आहे. ती शिवी या पृष्ठावर छापण्याजोगी नाहीं, व बहुतेक वाचकांस दुर्दैवानें ती सांगावीही लागणार नाहीं. न्यायाधीशांनीं वर्णद्वेषाचा आरोप सिद्ध न झाल्याचें ठरवून केवळ अपशब्दाबद्दल निम्म्या मानधनाचा दंड केला. आपल्याकडे विजयोत्सव झाला! एका शिवीचा बचाव दुसऱ्या शिवीनें झाला, आणि आईवरून शिवी देणें हें अर्ध्या मानधनाइतकेंच पाप आहे असें ठरल्यावर देशाची अब्रू वांचली. सायमंड्सला वानखेडेवर जें सोसावें लागलें त्याचें काय, हें भारतांत फार थोड्यांनीं विचारलें. आणि प्रतिपक्षास बोलून बोलून हैराण करण्याबद्दल ज्याची ख्याति, त्या संघाचें अंतःकरण एकाएकीं एवढें हळवें कसें झालें, हें ऑस्ट्रेलियांत तितक्याच थोड्यांनीं. वर्णद्वेष हा शब्द दोन्ही बाजूंनीं निशाणासारखा फडकविला गेला, आणि निशाणाखालीं उभा असलेला माणूस कोणास दिसला नाहीं. या प्रकरणापासून आपला उतार लागला असें सायमंड्सनें नंतर सांगितलें. २०११ मध्यें तो व हरभजन हे मुंबईच्याच संघांतून एकत्र खेळले. मे २०२२ मध्यें एका मोटार अपघातांत तो वारला.

शब्द सिद्ध झाला व शिक्षाही झाली, अशींही उदाहरणें आहेत. २००३ सालीं ब्रिस्बेनला श्रीलंकेच्या खेळाडूंविषयीं वर्णवाचक शिवी ओरडल्याबद्दल ऑस्ट्रेलियाच्या डॅरेन लीमनला पांच सामन्यांची बंदी झाली. २०१९ मध्यें डर्बन येथें पाकिस्तानचा नायक सरफराज अहमद यानें दक्षिण आफ्रिकेच्या फेलुक्वायोस उर्दूंत ‘काळ्या’ म्हणून टोमणा मारला. ज्यास म्हटलें त्यास तो समजलाही नव्हता. यष्टींजवळच्या ध्वनिग्राहकानें तो जगास ऐकविला. सरफराजनें जाऊन हात हातांत घेऊन क्षमा मागितली, ती त्यास मिळाली, आणि तरीही चार सामन्यांची बंदी भोगावी लागली. माणसानें क्षमा करावी व नियमानें शिक्षा करावी, ही वांटणी आम्हांस योग्य वाटते.

परंतु ‘काळ्या’ हा शब्द आपणांस इतका दूरचा आहे काय? वेस्ट इंडीजचा माजी नायक डॅरेन सॅमी यानें २०२० मध्यें उघड केलें कीं, भारतांत हैदराबादच्या संघांतून खेळत असतां त्यास ‘काळू’ म्हणत, व या शब्दाचा अर्थ बलवान घोडा असा कांहींतरी असावा असें समजून तो हंसत असे. अर्थ कळला तेव्हां त्याचें हंसूं संपलें. आपल्याच देशाचा कसोटीवीर अभिनव मुकुंद यानें २०१७ मध्यें जाहीर पत्र लिहून लहानपणापासून वर्णावरून ऐकून घेतलेल्या बोलण्याची व्यथा सांगितली होती. मधल्या सुटींत आपल्या शाळेच्या मैदानावर कान देऊन उभें राहावें. ‘अरे काळ्या, चेंडू टाक’ ही हांक ऐकण्यास पांच मिनिटेंही थांबावें लागणार नाहीं. हांक मारणारा म्हणतो, मी प्रेमानें म्हणतों. असेलही. ज्यास हांक मारली तो काय म्हणतो, हें कोणी विचारलें आहे काय?

मुंबई इलाख्यांत तर एके काळीं धर्मावरूनच संघ पडत. १८९२ पासून युरोपियन व पारशी यांचे सामने, १९०७ मध्यें त्यांत हिंदू, १९१२ मध्यें मुसलमान, आणि १९३७ पासून ‘इतर’ नांवाचा पांचवा संघ, ज्यांत ख्रिस्ती वगैरे कोठेंच न बसणारे घातलेले! हिंदू संघांत पाळवणकर बाळू यांच्यासारखा डावखुरा गोलंदाज होता. १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यांत त्यानें शंभरांवर बळी घेतले. तो चांभार जातीचा, म्हणून पुण्यास त्याच्याच संघांतील गडी मैदानावर त्याच्या हातचा चेंडू झेलीत, आणि चहाच्या वेळीं त्याचा पेला बाहेर निराळा ठेवीत. डिसेंबर १९४३ मध्यें ‘इतर’ संघाकडून सांगलीचे विजय सॅम्युअल हजारे यांनीं हिंदूंविरुद्ध दुसऱ्या डावांतील ३८७ पैकीं एकट्यानें ३०९ धांवा केल्या. हे सामने १९४६ मध्यें बंद पडले. फेब्रुवारी १९५२ मध्यें मद्रास येथें भारतानें आपला पहिला कसोटी विजय मिळविला, तेव्हां संघाचे नायक तेच ‘इतर’ हजारे होते.

पुन्हां सिडनी, जानेवारी २०२१. सीमारेषेवर उभ्या असलेल्या मोहम्मद सिराज यास प्रेक्षकांतून वर्णावरून शिव्या ऐकूं आल्या. या वेळीं नायक होते अजिंक्य रहाणे. सिराजनें त्यांस सांगितलें, त्यांनीं पंचांस सांगितलें, खेळ कांहीं मिनिटें थांबला. मैदान सोडून जाण्याची मुभा पंचांनीं दिली, ती रहाणे यांनीं घेतली नाहीं. आम्ही खेळावयास आलों आहों, शिव्या देणाऱ्यांस बाहेर काढा, एवढीच त्यांची मागणी होती. तो सामना भारतानें चिवटपणें अनिर्णित राखला व पुढें ब्रिस्बेन येथें जिंकून मालिकाही घेतली. मुंबईस परतल्यावर स्वागतास जमलेल्यांनीं रहाणे यांच्यापुढें कापण्यासाठीं जो केक आणला त्यावर कांगारूची आकृति होती. ती कापण्यास त्यांनीं नकार दिला. तो त्यांचा राष्ट्रीय प्राणी आहे, प्रतिपक्षाचा मान राखला पाहिजे, असें कारण त्यांनीं मागाहून सांगितलें. सिडनीच्या प्रकाराची चौकशी ऑस्ट्रेलियाच्या मंडळानें त्याच महिन्यांत पुरी केली. भारतीय खेळाडूंस वर्णावरून शिव्या दिल्या गेल्या हें मंडळानें मान्य केलें. मात्र ज्या सहा प्रेक्षकांना त्या दिवशीं मैदानाबाहेर काढलें होतें ते दोषी नव्हते असें ठरलें, आणि ज्यांनीं ते शब्द उच्चारले त्यांचा पत्ता लागला नाहीं.